नव्याचे नऊ दिवस... आणि दहाव्याचं काय?

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात नवी ग्रंथपाल आली आहे. बी.लिब. झालेली, पंचविशीतली मुलगी. तिला सगळी पुस्तकं संगणकावर नोंदवायची आहेत, त्याचं रीतसर प्रशिक्षण घ्यायचं आहे, आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ग्रंथपालांचा तिनं फोनवर एक गटही जमवला आहे. यावर आमच्या जाणत्या मंडळींचं मत एकच, "नव्याचे नऊ दिवस!" प्रशिक्षणासाठी तिनं दोन दिवसांची रजा आणि एसटीचं भाडं मागितलं, तेही नामंजूर झालं. मला हे अजिबात पटलेलं नाही. का पटलं नाही, ते सांगते.

पहिला आक्षेप असा, की वाचनालयाला पुस्तकं हवीत, संगणक कशाला? आता आपल्याकडची जुनी पद्धत आठवा. कादंबरी, कथा, चरित्र, संकीर्ण अशी कपाटं आणि आत दाखल क्रमांकानं लावलेली पुस्तकं. नाव माहीत असेल तर यादीत बोट फिरवत बसायचं, विषय माहीत असेल तर काकांना विचारायचं. आमच्या आधीच्या काकांना सगळं तोंडपाठ होतं. उत्तम! पण काका निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वाचनालयाची स्मरणशक्तीही घरी गेली. आज एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला विहीर पुनर्भरणावर काही वाचायचं असेल, तर ते पुस्तक कपाटात असूनही त्याला मिळेलच असं नाही. आणि जे सापडत नाही ते नसल्यातच जमा. म्हणजे ही मुलगी पुस्तकं बाजूला सारून संगणक मागत नाहीये, असलेली पुस्तकं वाचकाच्या हाती पडावीत म्हणून मागते आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यासाठी 'कोहा' नावाच्या प्रणालीची हकिगत ऐका. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक छोटा भाग आहे. तिथल्या ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती. मग १९९९ साली त्यांनी नवी तयार करून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरायला काढली आणि जगाला फुकट वापरायला देऊन टाकली! 'कोहा' हा माओरी शब्द, अर्थ भेट. जगभरच्या ग्रंथपालांनी आणि संगणकवाल्यांनी पुढे त्यात भर घातली. आज कोणतंही वाचनालय परवान्याचा पैसा न मोजता ती वापरू शकतं. आपल्या सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं 'ई-ग्रंथालय'ही आहे. संगणक लागेल, वीज लागेल, नोंदींचे कष्ट लागतील, हे कबूल. पण कष्ट करायला ती तयार आहे. तुम्ही फक्त तिला शिकू द्यायचं आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत लागला. "फोनवर गप्पा मारत असते." मी पस्तीस वर्षं शाळेत काढली. अपूर्णांक कसे शिकवावेत, हे मला पदवीनं कमी आणि शिक्षकांच्या खोलीनं जास्त शिकवलं. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता कुणीतरी युक्ती सांगायचं आणि तासाला ती वापरायची. गावातल्या ग्रंथपालाला अशी खोली असते कुठे? ती एकटीच. वर्गीकरण अडलं, वाळवी लागली, नोंदी पुसल्या गेल्या तर विचारायचं कुणाला? अध्यक्षांना? तिचा तो फोनवरचा गट म्हणजे तिची शिक्षकांची खोली आहे, मंडळी.

आणि आता खरी गंमत. दरवर्षी १२ ऑगस्टला आपण डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतो, ग्रंथपाल दिन म्हणून. हे रंगनाथन कोण? गणिताचे शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि विद्यापीठानं त्यांना शिकायला थेट लंडनला धाडलं. तिथून आले ते नव्या कल्पनांनी भारून. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा करण्यात पुढाकार घेतला, १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली, १९३३ मध्ये स्वतःची वर्गीकरण पद्धत छापली. नवं तंत्र, सततचं शिक्षण आणि समव्यावसायिकांची संगत, हेच ना सगळं? मग त्यांना हार आणि या मुलीला एसटीचं भाडंसुद्धा नाही, हा कुठला न्याय?

उत्साहाला लगाम नको असं मात्र मी म्हणत नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या पुस्तकांवर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून सर्वांची झाली. ती खुशाल स्कॅन करा. पण हयात लेखकाचं पुस्तक पीडीएफ करून वॉट्सॲपवर वाटणं ही वाचनसेवा नव्हे, ती चोरीच. हे तिला सांगितलं पाहिजे, आणि असल्या गोष्टी नीट कळाव्यात म्हणूनही प्रशिक्षण लागतं!

शेवटचं, पण महत्त्वाचं. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे. तरी गावोगावचे ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर दिवस काढतात. "किती उत्साही मुलगी!" असं कौतुक करून त्यांचं पोट भरत नाही. कौतुक फुकटचं असतं, म्हणूनच ते आपण सढळ हातानं करतो. नव्याचे नऊ दिवस का संपतात? उत्साह आपोआप मरत नाही, रजा नाकारून, भाडं नाकारून, टोमणे मारून तो मारला जातो. आणि मग आपणच म्हणतो, "बघा, आम्ही सांगितलंच होतं!"

तुमच्यापैकी अनेकजण, आपले नातेवाईकही, गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीत आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे, की पुढच्या सभेत एक शाल आणि एक श्रीफळ कमी करा. तेवढ्यात एसटीचं भाडं सहज निघतं.