घाटातील बळी आणि चालकावरचे खापर

सप्टेंबर २०२४ मध्ये परतवाडा-धारणी मार्गावर सेमाडोहजवळ एक खासगी बस पुलावरून कोसळली. मेळघाटातील शाळांकडे निघालेले शिक्षकही तीत होते. काही प्रवाशांना प्राणास मुकावे लागले. अशा प्रसंगी चालकाच्या बेफिकिरीवर बोट ठेवले, की शासन आणि मालक दोघेही मोकळे होतात.

वाहन उलटते ते दैवामुळे नव्हे. वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट होतो. टपावर माल चढला, की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कमी वेगातही तोल सुटतो. आतील माणसे एकमेकांवर आदळतात. खिडकीतून फेकला गेलेला प्रवासी अनेकदा गाडीखालीच चिरडला जातो. आसनपट्टा त्याला आत ठेवतो.

परंतु हा वेग हवा असतो कुणाला? फेऱ्यांवर मिळकत मोजणाऱ्या धंद्याला. चालकाच्या कामास दिवसाकाठी ८ तासांची मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच घातली होती. खासगी वाहतुकीत ती बहुतांशी कागदावरच राहिली. मालवाहू गाडीत उभ्याने कोंबलेल्या मजुरांना तर आसनच नसते. मग पट्टा कुठला?

म्हणून घाटातील वेळापत्रक सैल करणे, टपावरील माल बंद करणे, पुलांना व वळणांना भक्कम कठडे बांधणे आणि एस.टी.च्या पुरेशा गाड्या सोडणे, ही कामे आधी झाली पाहिजेत. दोषी चालकाला शिक्षा जरूर व्हावी. मात्र त्याला घाईला जुंपणाऱ्यांनाही जाब विचारला गेलाच पाहिजे.