ओले अंथरूण आणि आईवरचा ठपका

सहा-सात वर्षांचे मूल रात्री अंथरूण ओले करते, तेव्हा पहिला ठपका आईवर येतो : ‘हिने वळणच लावले नाही.’ तो असह्य होऊन आई मुलावर चिडते आणि चारचौघांत त्याचा उद्धार करते.

वास्तविक येथे अपराधी कोणीच नसतो. पाच वर्षांच्या शंभर मुलांमागे सुमारे १५ मुलांना हा त्रास असतो. मूत्राशय भरल्याची जाणीव गाढ झोपेतल्या मुलाला जागे करू शकत नाही. अनेकदा आईवडिलांच्या बालपणीही हेच घडलेले असते. शार्ङ्गधर संहितेनेही ‘शय्यामूत्र’ बालरोगांतच गणले आहे.

मग शिक्षा कशाची? मार व टोमणे यांनी अंथरूण कोरडे होत नाही. मूल मात्र ओली चादर लपवू लागते. जिच्यापाशी सारे सांगायचे, त्या आईपासूनच लपवण्याचा हा पहिला धडा ठरतो.

निजण्यापूर्वी मुलाला लघवीला न्यावे, बद्धकोष्ठ असल्यास उपचार करावेत. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागल्यास डॉक्टरांना दाखवावे. आणि सकाळी ती चादर वडिलांनी व आजीनेही निमूटपणे बदलावी. आईवरचा ठपका दूर झाला, की मुलाच्या वाट्याची तिची माया आपोआप मोकळी होईल.