विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड नव्हे



पावसाळा सुरू झाला की बोरीवलीतल्या माझ्या दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकू येतं. "डॉक्टर, विडाल पॉझिटिव्ह आली आहे, म्हणजे टायफॉइडच ना?" रिपोर्ट हातात असतो. ताप येऊन दोन-तीनच दिवस झालेले असतात. केमिस्टकडून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या पोटात गेलेल्या असतात. आणि गुन्हेगारही ठरलेला असतो: स्टेशनबाहेरचा पाणीपुरीवाला.

आज मी या रिपोर्टबद्दल स्पष्ट बोलणार आहे. माझं मत असं, की तापाच्या पेशंटची एकदाच रक्त घेऊन केलेली विडाल टेस्ट बंद व्हायला हवी. डॉक्टरांनी ती लिहू नये, तुम्ही ती मागू नये आणि लॅबवाल्यांनी ती 'फिव्हर पॅकेज'मध्ये घालून विकू नये. काही डॉक्टर मित्रांना हे आवडणार नाही. पण मीही पूर्वी ही टेस्ट सर्रास लिहीत असे, त्यामुळे ही टीका आधी माझ्यावरच आहे.

एका मुलीची गोष्ट

माझं मत बदललं ते एका पेशंटमुळे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. कॉलेजला जाणारी मुलगी. सव्वा वर्षात तिला तीन वेळा 'टायफॉइड' झाला होता. प्रत्येक वेळी ताप, पोटदुखी, विडाल पॉझिटिव्ह आणि अँटिबायोटिकचा कोर्स. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं आणि मग पुन्हा संध्याकाळचा ताप सुरू व्हायचा. घरच्यांनी तिचं बाहेरचं खाणं पूर्ण बंद केलं. आई तिच्यावर चिडायची, "चोरून खातेस म्हणून होतंय." वजन सात किलोने उतरलं, तेही डाएटच्या नावावर खपलं.

माझ्याकडे ती आली तेव्हा तिच्या फाइलमध्ये तीन विडाल रिपोर्ट होते. ब्लड कल्चर एकही नव्हतं. पोटाची सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्या केल्या तेव्हा निदान झालं: पोटाचा टीबी.

हे घडलं कसं? तिला दिलेल्या गोळ्या ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या होत्या. ही औषधं टीबीच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतात. त्यामुळे लक्षणं थोडे दिवस दबतात, पेशंटला आणि डॉक्टरला वाटतं निदान बरोबर होतं, आणि खरा आजार आत वाढत राहतो. शिवाय याच गटातली औषधं टीबीच्या हट्टी जंतूंसाठी राखून ठेवलेली असतात. ती अशी तोडून-तोडून दिली तर ऐन गरजेच्या वेळी निकामी ठरू शकतात. ती मुलगी टीबीचं पूर्ण औषध घेऊन बरी झाली. पण तिचं सव्वा वर्ष गेलं, आणि ते कोणत्याही जंतूने एकट्याने नेलेलं नाही.

ही टेस्ट नेमकं काय मोजते?

टायफॉइड होतो साल्मोनेला टायफी या जंतूमुळे. तो फक्त माणसाच्या शरीरात राहतो. आजारी माणसाच्या किंवा बरं होऊनही जंतू बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून तो पाण्यात आणि अन्नात जातो, तिथून दुसऱ्याच्या तोंडात.

विडाल टेस्ट हा जंतू शोधत नाही. ती शोधते जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी. रिपोर्टवर तुम्ही 'ओ 1:160, एच 1:160' असं वाचता ते त्यांचं प्रमाण असतं. इथेच तीन अडचणी आहेत.

पहिली, ही प्रतिद्रव्यं तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी टेस्ट केली तर खरा टायफॉइड असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

दुसरी, मुंबईसारख्या शहरात टायफॉइडच्या किंवा त्याच्या भाऊबंद जंतूंशी आपला कधी ना कधी संबंध आलेला असतो. त्यामुळे ठणठणीत माणसाच्या रक्तातही ही प्रतिद्रव्यं सापडतात.

तिसरी, मलेरिया, डेंग्यू आणि इतर काही तापांमध्येही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. हे सगळे ताप कधी येतात? त्याच जुलै ते ऑक्टोबरमध्ये.

पुस्तकात या टेस्टची योग्य पद्धत दिलेली आहे. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यायचं आणि प्रमाण चौपट वाढलं का ते पाहायचं. असे दोन रिपोर्ट आणलेला पेशंट तुम्ही शेवटचा कधी पाहिला? मला आठवत नाही.

एक साधा हिशेब करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. तापाचे 100 पेशंट आले, त्यातल्या 5 जणांना खरोखर टायफॉइड आहे. टेस्टने त्यातले 4 पकडले. उरलेल्या 95 पैकी 15 जणांची टेस्ट जुन्या किंवा दुसऱ्या कारणाने पॉझिटिव्ह आली. म्हणजे 19 जणांच्या हातात 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट आणि त्यातल्या 15 जणांना टायफॉइड नाहीच. या 15 जणांना अँटिबायोटिक मिळणार आणि त्यांच्या तापाचं खरं कारण कोणी शोधणार नाही.

फर्नांड विडाल यांनी ही पद्धत पॅरिसमध्ये 1896 साली मांडली. त्या काळासाठी ते मोठंच काम होतं. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली होती. आज आपण कोणावरही 1896 च्या पद्धतीने प्लेगचे उपचार करणार नाही. मग टायफॉइडचं निदान मात्र त्याच साली का अडकलं आहे?

मग खरी तपासणी कोणती?

ब्लड कल्चर. रक्त घेऊन ते पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालतात आणि जंतू वाढतो का ते पाहतात. जंतू वाढला तर त्याचं नाव कळतं आणि कोणतं औषध त्याला मारेल हेही कळतं. ही दुसरी गोष्ट आज फार महत्त्वाची आहे. एकेकाळी क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड बरा व्हायचा. मग जंतू त्याला सरावला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनचा काळ आला. आज भारतातल्या बहुतांश टायफॉइड जंतूंवर त्या गोळ्या नीट चालत नाहीत. आपल्याकडे अजून सेफ्ट्रायअॅक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिन बऱ्यापैकी टिकून आहेत. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात 2016 पासून पसरलेल्या टायफॉइडवर सेफ्ट्रायअॅक्सोनही चालत नाही. तो दिवस आपल्याकडे यायला नको असेल तर अंदाजाने गोळ्या देणं थांबवावं लागेल.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

"डॉक्टर, कल्चर महाग आहे." खरं आहे, विडालच्या काही पटींनी महाग आहे. पण चुकीच्या निदानावर घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्स, पंधरा दिवसांची बुडालेली रोजी आणि पुन्हा केलेल्या तपासण्या यांची बेरीज करा. स्वस्त टेस्ट स्वस्त राहत नाही.

"रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर काय?" तोवर थांबणं बहुतेकांना शक्य असतं. पेशंटची तब्येत जास्त असेल तर आम्ही रक्त घेतल्यावर लगेच औषध सुरू करतो आणि रिपोर्ट आल्यावर बदलतो. रक्त आधी, औषध नंतर, एवढंच पाळायचं असतं. मधल्या काळात मलेरिया, डेंग्यू आणि साध्या सीबीसीच्या तपासण्या होऊन जातात.

"कल्चरही कधीकधी निगेटिव्ह येतं की!" हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. खरा टायफॉइड असलेल्या दहा जणांपैकी साधारण चार ते सहा जणांमध्येच कल्चर पॉझिटिव्ह येतं. पण ते निसटण्याचं एक मोठं कारण आपणच असतो. रक्त घेण्याआधी अँटिबायोटिक घेतलेलं असतं किंवा रक्त कमी घेतलेलं असतं. कल्चर निगेटिव्ह आलं तर डॉक्टरला पुन्हा विचार करावा लागतो. विडाल खोटी पॉझिटिव्ह आली की विचारच थांबतो. या दोन चुकांमधला हा फरक मला मोठा वाटतो.

आणि तो पाणीपुरीवाला

उघड्यावरचं पाणी, बर्फ, कच्ची चटणी यांतून टायफॉइड पसरतो, हे खरंच आहे. हात न धुता पुऱ्या बुडवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण सगळा दोष त्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो, ते पटत नाही.

न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन आठवा. ती श्रीमंत घरांमध्ये स्वयंपाकीण होती, स्वतः ठणठणीत होती आणि ज्या घरांत काम करी तिथे टायफॉइड होत असे. 1907 साली तपास करून तिला शोधलं गेलं. रस्त्यावरच्या गाडीशी त्या तापाचा काही संबंध नव्हता. तो घरच्या स्वच्छ दिसणाऱ्या स्वयंपाकघरातून येत होता.

आता तुमच्या सोसायटीकडे पाहा. मुंबईत बहुतेक ठिकाणी नळाला दिवसातून काही तासच पाणी येतं. बाकीच्या वेळी पाइपातला दाब पडतो आणि पाइप कुठे फुटका असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. ते पाणी जमिनीखालच्या टाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत आणि मग तुमच्या माठात. शिंपोली, बाभई किंवा गोराई, तुम्ही कुठेही राहत असा, तुमच्या इमारतीच्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या हे सेक्रेटरींना विचारून पाहा. एकाच विंगमध्ये तीन घरांत टायफॉइड झाला असेल तर आधी टाकी तपासायला हवी.

पण तीन घरांत खरंच टायफॉइड झाला आहे हे कळणार कसं? खोट्या टायफॉइडच्या गर्दीत खरा टायफॉइड हरवतो. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात, कलम 35 मध्ये, अन्नविषबाधेच्या घटना कळवण्यास डॉक्टरांना सांगता येईल अशी तरतूद आहे. पण आम्ही जंतूचं नावच शोधलं नाही, तर कळवणार काय?

नीट मोजलं की काय होतं, ते पाहा. 2017 ते 2020 या काळात देशात चार ठिकाणी मुलांमधल्या टायफॉइडचा अभ्यास झाला आणि त्यात निदान ब्लड कल्चरने केलं. दिल्ली, वेल्लोर आणि कोलकाता या शहरी भागांत दर लाख मुलांमागे वर्षाला पाचशेपेक्षा जास्त, काही ठिकाणी हजाराच्या वर टायफॉइड निघाला. पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात तो सुमारे 35 होता. विडालवर मोजलं असतं तर हा फरक असा स्वच्छ दिसला नसता.

आपल्या शेजारी नवी मुंबईत 2018 साली महापालिकेने 9 महिने ते 14 वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस मोफत दिली. सरकारी पातळीवर ही लस देण्याचा तो जगातला पहिला मोठा प्रयत्न होता. नेपाळ, बांगलादेश आणि मलावीमधल्या चाचण्यांत या लसीने सुमारे 80 टक्के संरक्षण दिलं. खाडीच्या या बाजूला, आपल्या बोरीवलीत, बहुतेक आईवडील ती खासगी दवाखान्यात पैसे मोजून देतात, आणि अनेकांना ती आहे हेच माहीत नसतं. खरे आकडे हातात असले तर आपल्यालाही ती मोफत मागता येईल.

तुम्ही काय करायचं?

* ताप आला म्हणून केमिस्टकडून अँटिबायोटिक आणू नका. चिठ्ठीशिवाय ते विकणं बेकायदा आहे, आणि पहिल्या गोळीने कल्चरची संधी कमी होते.
* तीन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. टायफॉइडची शंका असेल तर विचारा, "औषध सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करायचं का?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही.
* स्वतःहून विडाल किंवा टायफी-डॉट करून येऊ नका.
* "मला दर वर्षी टायफॉइड होतो" असं तुम्ही म्हणत असाल तर जुने रिपोर्ट काढा. त्यात कल्चर एकही नसेल तर ते निदान पुन्हा तपासून घ्या. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर उशीर करू नका.
* पोटात असह्य दुखणं, शौचातून रक्त, गुंगी किंवा सतत उलट्या असतील तर थेट हॉस्पिटल गाठा.
* पाणी उकळून प्या, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा, टाक्यांची सफाई सोसायटीच्या सभेत लेखी मागा, आणि मुलांच्या लसीबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

त्या मुलीची आई परवा भेटायला आली होती. म्हणाली, "मी उगीच तिला दोन वर्षं पाणीपुरी खाऊ दिली नाही हो." मी म्हटलं, पावसाळ्यात नका खाऊ, पण तिची माफी मागा. ती हसली. मला मात्र फाइलमधले ते तीन रिपोर्ट आठवत राहिले. तसा एखादा रिपोर्ट तुमच्याही घरात असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो बरोबर घ्या आणि प्रश्न विचारा.