‘समूळ’ या शब्दाशी भांडण

योगासनांनी कंबरदुखी समूळ नाहीशी होते, असे सांगणाऱ्यांचा सध्या मोठा सुकाळ आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन झाला आणि गावोगाव मैदानांवर सतरंज्या अंथरल्या गेल्या. सतरंजीशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे ते ‘समूळ’ या शब्दाशी.

जुनाट कंबरदुखीवर योगाचा उपयोग किती, याचा हिशेब कॉक्रेनच्या संशोधकांनी २०२२ साली मांडला. २१ प्रयोग, २,२०० हून अधिक रोगी. व्यायामच न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांचे दुखणे थोडे हटते, उठबस थोडी सुधारते. पण हा फरक रोग्याला जाणवेलच, इतका मोठा नाही. पाठीच्या इतर व्यायामांपुढे योग ठेवला, तर उठबशीच्या बाबतीत डावेउजवे करण्याजोगे फारसे काही उरत नाही. कित्येकांची कंबर योगाने उलट वाढून दुखली, हेही तेथे नमूद आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने २०१७ साली औषधांआधी जे उपाय करून पाहावयास सांगितले, त्यांत व्यायाम, ॲक्युपंक्चर, ताई-ची यांच्या पंगतीत योगाचेही पान मांडले आहे. पंगतीत पान मिळाले याचा आनंद मानावा. आमच्या मंडळींना यजमानपदच हवे!

आणि हे सारे पतंजलींच्या नावावर. त्यांच्या सूत्रांतली जेमतेम तीन आसनांविषयी आहेत, आणि एकाही आसनाचे नाव त्यांत नाही. स्वामी कुवलयानंदांची गोष्ट निराळी. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले, ते योगक्रिया क्ष-किरणांखाली आणि दाबमापकावर तपासून पाहण्याच्या हट्टाने. त्यांची तसबीर लावणारे पुष्कळ. मापे घेणारा क्वचित.

आमच्या शाळेतल्या शिपायाची कंबर दुखे. संध्याकाळी बारीक ताप येई, अंग उतरत चालले होते. शिबिरातल्या गुरुजींनी त्याला तीन महिने ओणवे वाकविले. दुखणे वाढले, तेव्हा म्हणाले, “श्रद्धा कमी पडते.” पायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा त्याच्या बायकोने त्याला मोठ्या दवाखान्यात नेले. निघाला मणक्याचा क्षय! ज्या देशात हा रोग घरोघर माहीत आहे, तेथे पाठ दुखणाऱ्याला ताप येतो का, एवढेही विचारावयाचे नाही? ‘श्रद्धा कमी पडते’ हे वाक्य तर मला सर्वांत क्रूर वाटते. गुण आला तर योगाचा, न आला तर दोष रोग्याचा. अशा धंद्यात बूड कधी यावयाची?

साधी कंबरदुखी असेल तर आसने जरूर करावीत. नुसते पडून राहण्यापेक्षा ती केव्हाही बरी. चालणे आवडत असेल, तर चालावे. जे रोज निभेल ते करावे. गोणी उचलणाऱ्या हमालाला मात्र प्रथम गोणीचे वजन कमी करून द्या, मग भुजंगासन शिकवा.

शिबिरवाल्यांकडे माझे मागणे मोठे नाही. दारात एक माणूस बसवावा. त्याने प्रत्येकाला विचारावे: ताप येतो का? वजन घटले का? पाय बधिर होतात का? लघवी-शौचावरचा ताबा गेला का? यांपैकी एकालाही ‘होय’ म्हणणाऱ्याला सतरंजीवर न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडावे, आणि घेतलेली फी परत करावी.