पाळी जातानाच्या गोळ्या : भीती किती, खरं किती?

मैत्रिणींनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात बाईला घाम फुटला तर कोण लक्ष देणार? ‘ऊन शे माय,’ म्हणायचं आणि पदराने तोंड पुसायचं! पण डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता छातीपासून कानापर्यंत आग उसळते, गाऊन भिजतो, झोप उडते, तेव्हा ऊन कुठलं? भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. पोरांची बारावी, घरातलं लग्न, सासूबाईंचं दुखणं, सगळं नेमकं याच काळात.

यावर हॉर्मोनची गोळी म्हटली की ‘नको बाई, कॅन्सर होतो’ हे उत्तर ठरलेलं. ही भीती आली कुठून? जुलै २००२ मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली. १६,६०८ बायका होत्या तिच्यात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्र गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनांचा कॅन्सर जास्त दिसला. किती जास्त? दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण ८. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या, खुब्याचं हाड मोडणं मात्र कमी झालं. आकडा खरा होता, पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्यांचा निकाल पंचेचाळिशीच्या बाईला लावला गेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा चौकटीतला इशारा बराचसा काढून टाकायचं जाहीर केलं. म्हणून लगेच मेडिकलवाल्याकडे धावायचं नाही हं! वय साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत आणि त्रास खरोखर जास्त, अशा बाईला फायदा बहुधा धोक्यापेक्षा मोठा असतो. ज्यांना स्तनांचा कॅन्सर, पक्षाघात, रक्ताची गुठळी किंवा हृदयविकार होऊन गेलाय, त्यांना साधारणपणे ही गोळी देत नाहीत. गर्भपिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. तो इशारा अजून कायम आहे.

आता आपले घरगुती उपाय. शतावरी, सोयाबीनच्या गोळ्या, ‘ब्लॅक कोहॉश’ नावाची परदेशी मुळी... शेजारणीला गुण आला म्हणते, ती खोटं बोलत नाही. गंमत अशी, की चाचण्यांमध्ये नुसती खोटी गोळी दिली तरी वाफा येण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होतं! काही वेळा त्रास आपोआपही ओसरतो. म्हणून खोट्या गोळीच्या तुलनेत काय झालं ते पाहायचं. हॉर्मोनने वाफा त्याहूनही सुमारे पाऊणपट कमी झाल्या. ब्लॅक कोहॉशचा तसा खात्रीचा पुरावा मिळालेला नाही, सोयाचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. शतावरीवरचे अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे. योगासनं मन आणि सांध्यांसाठी जरूर करा, पण वाफांवर त्यांचा भरवसा धरू नका. हॉर्मोन चालत नसेल तर नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत आणि विचार-वर्तनाचं समुपदेशन यांचा उपयोग दिसलाय.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच ‘उपाया’ची. ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल!’ बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा आठवतो? पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर कोसळतो, हाडं लवकर ठिसूळ होतात. तिशी-चाळिशीत असं झालेल्या बाईला बहुधा पन्नाशीपर्यंत हॉर्मोनची गरज असते. घरी पाठवताना हे तिला सांगतं कोण?

धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय सुरू झालंय. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तिथे दुसरं मत घ्या. अंडाशय काढणार की ठेवणार, हे सही करण्याआधी विचारा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर काढा उकळत बसू नका, त्याच आठवड्यात तपासणी करा.