आयएसएसएन म्हणजे दर्जा नव्हे

‘नियतकालिकाला आयएसएसएन क्रमांक असला की लेख विश्वासार्ह’ हे गेल्या अंकातील पत्रातले विधान विद्यार्थ्यांची दिशाभूल करणारे आहे. हा क्रमांक फक्त ओळखीपुरता. मजकूर तज्ज्ञांनी तपासला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीवरही विसंबता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मे २०१८मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. नंतरची ‘केअर’ यादीही २०२५मध्ये बंद झाली.

तज्ज्ञ-परीक्षण झाले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा डॉ. वेकफिल्ड यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली छापला आणि मागे घेतला तो २०१०मध्ये. तब्बल बारा वर्षांनी!

तेव्हा प्राध्यापकांनी पहिल्या वर्षापासूनच मुलांना लेखाचा डीओआय (डिजिटल ओळखक्रमांक) उघडून तो मागे घेतलेला नाही ना, हे पाहायला शिकवावे.