ओकिनावाला जाताय? एक दिवस राखून ठेवा

गेला महिनाभर आमच्या घरात दिवाळीच्या सुट्टीचं नियोजन चालू आहे. यंदा ओकिनावा. जपानच्या अगदी दक्षिणेला, क्यूशूपासून तैवानच्या दिशेने पसरलेल्या बेटांच्या माळेतली ही बेटं. टूर एजंटकडून पाच दिवसांचा आराखडा आला: मत्स्यालय, समुद्रकिनारा, खरेदी, परत समुद्रकिनारा. मी त्यातला एक किनारा कापला आणि त्या जागी दक्षिण टोकाचं माबुनी आणि गिनोवान शहरातली एक टेकडी घातली. लगेच घरातून आवाज आला, "सुट्टीला चाललोय की अभ्यासदौऱ्याला?"

प्रश्न रास्त आहे. वर्षभर पैसे साठवून माणूस डोक्याला ताप करून घ्यायला जात नाही. म्हणून माझं म्हणणं जरा सविस्तर मांडतो.

आधी कामाचं बोलू. आपल्याकडे मुलांना सुट्टी मे महिन्यात, पण तिथे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस सुरू होतो आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. एप्रिलअखेर ते 5 मे जपानी लोकांचीच मोठी सुट्टी असते, तेव्हा सगळं महाग. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे. त्यामानाने दिवाळीची सुट्टी बरी. थेट विमान नाही, मध्ये बदलावंच लागतं. एकाच दौऱ्यात इशिगाकी वगैरे लांबची बेटं कोंबू नका. नाहाहून इशिगाकी 400 किलोमीटर आहे, विमानानेच जावं लागतं. शाकाहारींनी आधीच विचारून ठेवावं, कारण तिथे साध्या रश्शातही माशाचा अर्क असतो. कारल्याची भाजी तिथे फार प्रसिद्ध आहे, 'गोया चांपुरू' म्हणतात. पण त्यात टोफू आणि अंड्यासोबत बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं.

मोनोरेल नाहा आणि लगतच्या भागापुरती आहे. बाकी बेट बघायचं तर गाडी भाड्याने घ्यावी. आपल्या आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय लायसन्स तिथे चालतं, आणि गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून.

पण या डाव्या बाजूचीही एक गोष्ट आहे. युद्धानंतर ओकिनावावर अमेरिकेचं राज्य होतं आणि गाड्या उजवीकडून चालत. 15 मे 1972 ला बेटं जपानला परत मिळाली, तरी रस्त्याची बाजू बदलायला आणखी सहा वर्षं गेली. 30 जुलै 1978 च्या सकाळी सगळी वाहतूक डावीकडे आली. म्हणजे रस्ता कुठल्या बाजूने चालायचा हेसुद्धा दुसऱ्यांनी ठरवलं. तसं त्याआधीही होतंच. 1879 पर्यंत इथे रिउक्यूचं स्वतंत्र राज्य होतं, ते जपानने खालसा केलं.

1945 च्या एप्रिल ते जूनमध्ये इथे जी लढाई झाली, तिच्यात स्थानिक लोकांपैकी साधारण एक चतुर्थांश मेले. माबुनीला समुद्रालगत काळ्या दगडाच्या भिंती आहेत. त्यांवर 2,40,000 हून जास्त नावं कोरली आहेत: ओकिनावाची माणसं, जपानी सैनिक, अमेरिकन, कोरियन, तैवानी, सगळी. शत्रूची नावंही आपल्या माणसांबरोबर कोरणारं स्मारक जगात फार ठिकाणी नसेल. जवळच हिमेयुरी संग्रहालय आहे. शाळकरी मुली आणि शिक्षक मिळून 240 जणांना लष्करी इस्पितळाच्या कामाला जुंपलं होतं. त्यातले 136 परत आले नाहीत.

आता गिनोवानची टेकडी. काकाझू नावाची बाग आहे, फुकट. वरून खाली बघितलं की दाट शहराच्या ऐन मधोमध फुतेन्मा हा अमेरिकी हवाई तळ दिसतो. 2004 मध्ये इथलं एक हेलिकॉप्टर शेजारच्या विद्यापीठात कोसळलं. तळ परत करू असं 1996 मध्येच ठरलं होतं, पण बदल्यात उत्तरेला हेनोकोच्या समुद्रात भराव टाकून नवा तळ. 2019 च्या सार्वमतात सुमारे 72 टक्के मतं त्या भरावाच्या विरोधात पडली. तरी काम चालूच राहिलं.

एकच हिशेब सांगतो. जपानच्या एकूण जमिनीपैकी ओकिनावा 0.6 टक्के. आणि जपानमध्ये केवळ अमेरिकी फौजांच्या वापरात असलेल्या तळांची सुमारे 70 टक्के जमीन याच ओकिनावात. चीन जवळ आहे, तैवान जवळ आहे, तळ हवेतच, असं मानणारे लोक ओकिनावातही आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण देशाच्या संरक्षणाचं ओझं एका कोपऱ्यातल्या माणसांनीच का उचलायचं, याचं उत्तर त्यात मिळत नाही. 'धरणग्रस्त' आणि 'प्रकल्पग्रस्त' हे शब्द ज्यांच्या बोलण्यात रोज येतात, त्या आपल्याला तरी हे वेगळं समजावून सांगायला नको.

"तळ आहेत म्हणून त्यांचं पोट चालतं" असंही ऐकायला मिळतं. तळांमुळे येणारा पैसा आज प्रांताच्या उत्पन्नाच्या जेमतेम 5 टक्के. नाहातला ओमोरोमाची हा दुकानांनी गजबजलेला भाग पूर्वी अमेरिकी लष्कराची वसाहत होता. 1987 मध्ये ती जमीन पूर्ण परत मिळाली, तेव्हा कुठे तिथे बाजार उभा राहिला. एजंटच्या आराखड्यात 'खरेदी' म्हणून लिहिलंय ते हेच ठिकाण. फक्त आधी तिथे काय होतं, ते लिहिलेलं नाही.

माझा राग समुद्रकिनाऱ्यावर नाही. मलाही पाण्यात डुंबायचंय. पण ज्या बेटाचं पाणी, ऊन आणि खाणं आपण चार दिवस उपभोगणार, त्याच्या मालकांचं म्हणणं एक दिवस ऐकून घ्यावं, एवढंच.

घरात शेवटी असं ठरलं: सकाळी माबुनी, दुपारी काकाझूची टेकडी, संध्याकाळी ओमोरोमाचीला खरेदी. बाकीचे चार दिवस समुद्र. मुलीची एकच अट आहे, टेकडीवर मी भाषण द्यायचं नाही. मान्य केलंय. म्हणून तर इथे लिहून घेतलं.